लाल थराचे सर

रस्त्यातला दगड उचलायचा, अंगठ्याला थुंकी लावायची, तो अंगठा दगडावर घासायचा आणि ओली झालेली जागा उन्हाकडं धरून एक डोळा मिटायचा. सर पहिल्यांदा आमच्या दारात आले ते असे. मी वरची खोली दाखवायला किल्ली घेऊन उभा, आणि होणारे भाडेकरू फाटकाजवळच्या खडीच्या ढिगापाशी उकिडवे बसून एकेक दगड चाखल्यासारखा बघतायत.

आमची अव्वा, म्हणजे माझी आई, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"काय करायलेत ते?"

"दगड बघायलेत."

"थुंकून?"

सरांनी ते ऐकलं. "अव्वा, कोरडा दगड तोंड उघडत न्हाई," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "ओला केला की मंग बोलतो."

"आमच्यात दगडाला पाणी घालत्यात, बाबा," अव्वा म्हणाली. "थुंकी न्हाई. शिव शिव."

दुसऱ्या दिवशी अव्वानं फाटकाजवळ पाण्याचा एक तांब्या भरून ठेवला. खास सरांसाठी. सर बाहेर पडताना त्या तांब्याकडं बघायचे, हसायचे आणि सवयीनं थुंकीच लावायचे.

तुम्हीही असा माणूस कुठंतरी पाहिला असेल. डोक्यावरचे केस विरळ झालेले, पाठीवर मात्र कॉलेजातल्या पोरांसारखी सॅक. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि गोळ्यांचं पाकीट. सर चाळिशी ओलांडलेले होते आणि मास्टर डिग्री करत होते. विषय भूगर्भ अभियांत्रिकी. धरण, पूल, बोगदा यांच्या खाली कसला दगड आहे, तो वजन पेलेल का, पाणी गळेल का, हे बघायचं शास्त्र. हे एवढं वाक्य मला पाठ करायला बराच वेळ लागला. माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नळ, तोट्या, पाइप, खिळे. बारावीत सायन्सनं मला आणि मी सायन्सला एकाच दिवशी रामराम केला. त्यानंतर दगडाशी माझा संबंध आला तो फक्त मुतखड्यापुरता.

गल्लीत मी मोठ्या ऐटीत सांगितलं, आमचे भाडेकरू भूगर्भात डिग्री करायलेत. ती माझी चूक झाली. भूकंपापासून लातुरात 'भू' म्हटलं की माणूस आधी छताकडं बघतो. समोरच्या घरातले रिटायर्ड पोस्टमन रोज सकाळी सरांना गाठायचे.

"सर, काही हालायलंय का खालून?"

"न्हाई काका. आज शांत हाय."

"मग आत झोपू ना?"

"झोपा."

पोस्टमनकाका सरांच्या शब्दावर आत झोपायचे. सर लातूरच्या बाहेर असले की काका बाज अंगणात आणायचे.

सर मूळचे हिमायतनगरचे. बायको आणि दोन मुली तिकडंच. सर लातूरच्या एका खासगी कॉलेजात शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचंच मिळणार. उन्हाळ्याच्या सुटीत फळ्यासारखंच कोरडं राहायचं. तशी त्यांची बरीच वर्षं गेली होती. आता कॉलेजनं सांगितलं होतं की तीन वर्षांनंतरच्या जूनपासून मास्टर डिग्री असलेल्यालाच ठेवू. आणि ती डिग्री चालली होती नांदेडला. म्हणून हे गृहस्थ आठवड्यातले चार-पाच दिवस लातुरात शिकवायचे आणि उरलेले दिवस नांदेडला जाऊन शिकायचे. मधला सगळा काळ यष्टीत. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली की एक चहा, एक खारी, आणि मांडीवर उघडं पुस्तक.

"मालक, एवढं झालं की सुटलो," ते मला म्हणायचे. कसलंही काम असो. फी भरली, एवढं झालं की सुटलो. सेमिनार आला, एवढं झालं की सुटलो. शेवटच्या वर्षी त्यांची थोरली मुलगीही दहावीला होती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि जिन्यावर बसून बापलेक एकमेकांचा अभ्यास घ्यायचे. "पप्पा, किती पानं झाली?" "तुझी किती झाली ते सांग आधी." मग दोन्हीकडून गप्प. म्हणजे दोघांचीही झालेली नसायची.

त्यांचे गाइड म्हणजे एके काळचे त्यांचेच विद्यार्थी. मी एकदा नांदेडला मालाच्या खरेदीला गेलो होतो तेव्हा सरांबरोबर कॉलेजात गेलो. तो तरुण प्राध्यापक सरांना बघून ताडकन उठला.

"बसा सर."

"न्हाई सर, तुमी बसा."

"तुम्ही बसल्याशिवाय मी कसा बसू, सर?"

"तुमी गाइड हाव सर. मी उभं राहून सांगतो."

शेवटी दोघंही उभे राहिले आणि मी बसलो. खुर्ची चांगली होती.

एका पावसाळ्याच्या शेवटाला सर टेम्पो घेऊन दारात आले. टेम्पोत लाकडी पेट्या. डोंगराकडच्या एका खेड्याजवळ साठवण तलाव होणार होता. त्याच्या भिंतीसाठी जमिनीत मशीन घालून खालचा दगड काढून बघितला होता. मशीन नळीसारखं खाली जातं आणि दगडाचे गोल दांडके बाहेर येतात, मनगटाएवढे जाड, मुसळाचे तुकडे केल्यासारखे. बघून झाल्यावर ठेकेदार ते फेकून देणार होता. सरांनी हात जोडून ते मागून आणले. त्यांची सगळी डिग्री त्या पेट्यांत होती.

पेट्या आमच्या जिन्याखाली लागल्या. अव्वा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"गुर्जी, दगडं दाराबाहेर काय कमी हायत?"

"हे पुस्तक हाय, अव्वा," सर म्हणाले. "वरचा दगड वर, खालचा खाली. पानं उलटीपालटी झाली तर कायबी कळणार न्हाई."

आणि मग त्यांनी तिला तो लाल थर दाखवला. काळ्या दगडाच्या वर आणि खाली, मधेच हातभर जाडीचा विटेसारखा लाल थर. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्याच्यावर माती झाली, मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. भिंतीचं सगळं वजन त्या लाल थरावर येणार होतं. तो किती दाब सोसतो, ते मोजायचं. पण लाल थर मऊ. मशीननं वर काढताना त्याचा चुराच होतो. सगळ्या पेट्यांत मिळून लाल थराचा धड असा एकच दांडका निघाला होता.

"हा एक, मालक," सर म्हणाले. त्यांनी तो अंगठ्यानं घासला नाही, थुंकी लावली नाही. नुसता ओंजळीत धरला. "याची परीक्षा झाली की माझी झाली."

त्यानंतर कितीतरी रविवार सर आमच्या गच्चीवर बसून ते दांडके कापत होते. मशिनीत दाबून बघायचे तर दोन्ही टोकं सपाट लागतात, सगळ्यांची लांबी सारखी लागते. लाल थराच्या वरचे दोन काळे, खालचे दोन काळे आणि मधला तो लाल. माझ्या दुकानातली पाण्याची पातळी बघायची लेव्हल आणून ते टोकं तपासायचे. खाली आवाज यायचा, खर्र खर्र. अव्वा म्हणायची, "गुर्जी देव घडवायलेत की काय?"

हे तिनं गमतीनं म्हटलेलं. 

आमच्याकडं येळवस हा दिवाळीहून मोठा सण. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, वेळ अमावास्या. हिवाळ्यात, ज्वारी पोटरीला आलेली असते तेव्हा. त्या दिवशी लातूर ओस पडतं, सगळे शेतात. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच पांडव मांडायचे. पांडव म्हणजे पाच दगड, चुन्यानं पांढरे केलेले आणि त्यावर कावेचे लाल पट्टे. पूजा करायची, भज्जी म्हणजे भाज्या-शेंगांची मिसळ, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग येईल त्याला वाढायचं. ओळखीचा असो की वाटसरू असो.

आमचं शेत अहमदपूरच्या अलीकडं आहे. आमचे पांडव माझ्या आजोबांच्या वेळचे. त्या वर्षी पाणंद रस्त्याचं काम करताना जेसीबीनं बांध सपाट केला आणि पांडव मुरुमाखाली गेले. धाकट्या चुलत्यांनी शोधले, सापडले नाहीत. अव्वा आठ दिवस घोकत होती, पाच नीट दगड बघा, पाच नीट दगड बघा. मी दुकानाच्या गडबडीत हो हो म्हणत राहिलो.

येळवसच्या आदल्या दिवशी सर नांदेडला गेले. कॉलेजातल्या दाब मोजायच्या मशिनीची पाळी लागत नव्हती, ती पक्की करायला. दांडके बरोबर नेले नाहीत. पाळी नक्की नसताना यष्टीच्या धक्क्यांत उगाच कशाला, असा त्यांचा हिशोब. पाचही दांडके प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जिन्याखालच्या पेटीवर एका ताटात ठेवून गेले.

"उद्या येताना शेतातच उतरा," अव्वानं त्यांना बजावलं होतं. "भज्जी न खाता खोलीवर गेलात तर सामान रस्त्यावर ठेवीन."

"येतो अव्वा. पाळी लागू द्या फक्त. एवढं झालं की सुटलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सर बांधावरून चालत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी इतक्या वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा होता. पाळी लागली होती. सोमवारी. प्रबंध द्यायची शेवटची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीला. एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा वाढणार नव्हती. पण आता सगळं बसत होतं. वाटेत त्यांनी पेढे घेतले होते. ते अव्वाच्या हातात दिले.

"आधी पांडवांच्या पाया पडा," अव्वा म्हणाली. "मग जेवायला बसा."

सर चपला काढून खोपीत वाकले. हात जोडले, डोकं टेकवलं. आणि मग ते उठेनात.

आम्ही बाहेर पंगतीत. चुलते म्हणाले, "सर लई भाविक निघाले की." माझी बायको म्हणाली, "बिचाऱ्यांची परीक्षा हाय." मीही मनात म्हटलं, बरोबर आहे, डिग्रीला देवच लागतो. मी एक उंडा आणखी घेतला.

मग खोपीतून आवाज आला. "अव्वा."

अव्वा गेली. तिच्या मागोमाग मी. सर गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचा हात एका पांडवाच्या टोकावर होता. सपाट, गुळगुळीत, आरशासारखं घासलेलं टोक. चुन्यातूनही ते ओळखू येत होतं.

"हे माझे हायत," सर म्हणाले.

"हाव, तुमचेच," अव्वा कौतुकानं म्हणाली. "कसे शोभायलेत बघा की. एवढे नीट दगड पंचक्रोशीत न्हाईत. तुमच्याकडं पेट्या भरून पडल्यात, म्हटलं पाच घेतले तर गुर्जी न्हाई थोडंच म्हणणार हायत."

सर एकेकाला हात लावत गेले. एक, दोन, तीन, चार. पाचवा आमच्या स्वयंपाकघरातला जुना वरवंटा होता.

"लाल कुठाय, अव्वा?"

"कोणता?"

"लाल. मधला."

"तो व्हय?" अव्वाच्या आवाजात अजूनही कौतुकच होतं. "तो न्हाई टिकला. बादलीत धुवायला टाकले, तर समदे नीट, तो तेवढा फुगला आणि विरघळून गेला. चांगली मऊसूत लाल माती झाली. मी कावच आणायची इसरले होते बघा. म्हटलं देवानंच धाडली. त्याचेच पट्टे ओढलेत."

चारही काळ्या दांडक्यांवर आणि वरवंट्यावर लाल पट्टे होते. सरळ, सुरेख. अव्वाचा हात चांगला आहे.

सर त्या पट्ट्यांकडं बघत राहिले. मग त्यांनी अगदी सावकाश बोट नेलं आणि एका पट्ट्याला लावलं. बोटाला लाल लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. अव्वाला अजून कळलं नव्हतं, पण मला कळलं होतं, आणि मी दारात उभा राहून काय करत होतो? हातातला उंडा कुठं ठेवावा हे शोधत होतो. अशा वेळी माझी अक्कल एवढीच चालते.

"काय झालं, गुर्जी?" अव्वानं विचारलं. "देव उचलायचे आसले तर पूजा झाल्यावर उचला. मी देवाची माफी मागते."

"न्हाई अव्वा. देव राहू द्या." सर उठले. "चार काळे मिळतील दुसरे. तो एकच होता."

मग मी अव्वाला बाजूला नेऊन सांगितलं. ती सरांच्या पायाला हात लावायला निघाली तेव्हा सरांनी तिचे दोन्ही हात धरले.

"माझ्या हातानं तुमचं वाटोळं झालं की हो."

"तो थरच तसला हाय, अव्वा. पाण्यात टिकतच न्हाई. तेच तर मी सांगून राहिलो सगळ्यांना." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "परीक्षा झाली म्हणा. बादलीत झाली. पण बादलीचं सर्टिफिकेट चालत न्हाई."

आणि ते जेवायला बसले. सगळं जेवले. भज्जी मागून घेतली. अव्वाकडं बघत बघत खाल्ली. 

सोमवारला मधे एकच दिवस होता. त्या दिवशी सकाळी सरांनी मला मोटारसायकल काढायला लावली. आम्ही आधी त्या साठवण तलावाच्या जागेवर गेलो. मशीन कधीच निघून गेलं होतं. जिथं जिथं भोकं पाडली होती तिथं सिमेंट भरून टाकलेलं. सर त्या सिमेंटच्या गोल ठिपक्यावर हात ठेवून बसले, जसं काही आतून कुणी उत्तर देणार आहे.  मी म्हणालो, "टिकाव आणू का?" लाल थर जमिनीखाली पाच-सहा पुरुष खोल होता. सर माझ्याकडं रागावून बघायलाही विसरले.

मग त्यांना आठवलं की आमच्या शेताच्या पलीकडं एका नव्या विहिरीचं खोदकाम चाललंय आणि तिथं लाल पट्टा दिसलाय. आम्ही तिकडं. माती उपसायच्या यारीच्या टोपल्यात बसून सर विहिरीत उतरले. माझ्या दुकानातलं करवतीचं नवं पातं त्यांच्या हातात. मी काठावर. म्हणजे काठापासून बराच लांब, एका बाभळीला धरून. मला खोल बघितलं की गरगरतं. तिथून मी अधूनमधून ओरडत होतो, "सर, जमतंय का?" आणि खालून आवाज यायचा, "बोलू नका मालक, हादरा बसतो."

सर वर आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत लाल होते आणि छातीशी एक लाल ठोकळा धरलेला होता, आंघोळ घातलेलं तान्हं मूल धरावं तसा. तो वाळून तडकू नये म्हणून अव्वानं घरातल्या सगळ्या मेणबत्त्या वितळवल्या. त्या मेणात त्यांनी तो बुडवून काढला. 

"गुर्जी, हा चालंल ना?"

सर मेण निथळत राहिले.

"लाल ते लाल," अव्वा म्हणाली. "कोणत्या जागेचा हाय ते कुणाला कळायलंय?"

सर पहाटेच्या गाडीनं नांदेडला गेले. मांडीवर तो ठोकळा. मी त्यांना स्टँडवर सोडलं. कंडक्टर म्हणाला, "काय नेताय, केक?" सर म्हणाले, "हाव."

संध्याकाळी परत आले ते जिन्यावरच बसले. मी शेजारी जाऊन बसलो.

"काय झालं?"

"मशिनीत बसला. गच्चीवर घासला होता तसाच तिथं घासला. काटा चढला. चांगला आकडा आला, मालक."

"मग? सुटलात की!"

"मंग त्याच्यावर नाव घालायचं होतं. कोणत्या जागेचा, ते." सर बोटांकडं बघत होते. नखांत अजून लाल होतं. "गाइड सर म्हणाले, मी चहा घेऊन येतो. त्यांना चहा आणायला माणूस हाय. तरी सोता गेले. लई येळ आलेच न्हाईत."

मला सगळं समजलं. कुणाचं लक्ष नसताना तलावाचं नाव घाला, म्हणून ते उठले होते.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"हिरीचं लिहिलं."

मी चिडलो. खरंच चिडलो. मुलीची दहावी, जूनमध्ये जाणारी नोकरी, इतक्या वर्षांची यष्टी, सगळं त्यांना मी मोठ्यानं ऐकवलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"भिंत तिथं बांधून राहिलेत, मालक. हिरीवर न्हाई," ते म्हणाले. "भिंतीच्या खालच्या अंगाला गाव हाय. मी जाऊन आलो त्या गावात. चहा पिलोय त्यांचा."



विहिरीचा दगड प्रबंधात चालला नाही आणि मुदत गेली. त्यांनी अर्ज केला, हातापाया पडले. पण एकदा वाढवलेली मुदत पुन्हा वाढवायचा नियम नव्हता आणि नियमाला काही घर नसतं की आपण जाऊन बसावं. तलावाच्या लोकांनाही त्यांनी बादलीतली हकीकत कळवली. तिचं काय झालं ते मला माहीत नाही. डिग्रीच्या यादीतून आपलं नाव काढून टाकल्याचं त्यांनी मला सांगितलं, बायकोला सांगितलं, अव्वाला नाही. अव्वाला सांगितलं, "गावाकडून बाकीचं करतो. निकाल लागायला वर्ष-दोन वर्षं लागतात मोठ्या डिग्रीला."

जूनमध्ये तासिकांच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. ते सामान बांधून गेले त्या दिवशी पोस्टमनकाकांनी बाज अंगणात आणली आणि पाऊस लागेपर्यंत आत नेली नाही.

अव्वा त्यानंतर येळवसला शेतात आली नाही. भज्जी करते, डबे भरून देते, स्वतः घरी राहते. गुडघे दुखतात म्हणते. महिन्या-दोन महिन्यांनी मला विचारायची, "लागला का रे गुर्जींचा निकाल?" मी म्हणायचो, "लागायचाय." स्वतः फोन करायचं तिचं धाडस होत नव्हतं. मला वाटतं, उत्तराची भीती तिला माझ्याहून जास्त होती.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या साडूच्या शेतात बोअर घ्यायचं ठरलं. साडू हिमायतनगरच्या बाजूचा. पाइप माझ्या दुकानाचे, म्हणून मीही गेलो. तो म्हणाला, पाणी बघणाऱ्याला बोलावलंय, या भागात त्याचा शब्द खाली पडत नाही. बांधावर माणसं जमली होती. मधून एक माणूस अनवाणी चालत होता, उजव्या तळहातावर शेंडीचा नारळ आडवा ठेवून, डोळे मिटून. एका जागी नारळ हलला आणि हळूहळू उभा राहिला. माणसांनी "हाव हाव" केलं. त्या माणसानं डोळे उघडले.

ते सर होते.

त्यांनी मला बघितलं आणि नारळ खाली पडला. लोकांना वाटलं, पाणी लई जोराचं आहे.

मग आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. दाढी पांढरी झाली होती. थोरली मुलगी नांदेडला नर्सिंगला आहे म्हणाले. धाकटी हुशार आहे म्हणाले. मी नारळाकडं बघत होतो, ते त्यांना दिसत होतं.

"जागा मी कालच बघून ठेवली होती," ते हळू आवाजात म्हणाले. "वढ्याचं पात्र, दगड, जवळच्या हिरी, समदं फिरून बघितलं. पण नुसतं सांगितलं तर ऐकत न्हाईत. 'डिग्री हाय का' म्हणतात. नारळाला कुणी इचारत न्हाई."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. दोघांचंही फार टिकलं नाही.

"अव्वा कशा हायत?"

मी सगळं सांगितलं. शेतात न येणं, गुडघे, आणि ते विचारणं.

सर नारळाची शेंडी ओढत बसले. शेंडीचा एक एक धागा निघत होता.

"सांगून टाका, झाली म्हणून."

"काय?"

"डिग्री. झाली म्हणा." मग थोडं थांबून म्हणाले, "फर्स्ट क्लास म्हणू नका. नुसतं पास म्हणा. लई चढवून सांगितलं तर त्यांना खरं वाटणार न्हाई."

तिकडून कुणीतरी हाक मारली, "ओ नारळवाले, आमच्याबी शेतात या की." सर उठले, पायाची माती झटकली आणि गेले.

लातूरला पोचलो तेव्हा अव्वा ओट्यावर होती. मी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. नंतर जमलं नसतं.

"अव्वा, गुर्जी पास झाले."

तिनं माझ्याकडं बघितलं. "खरं?"

"हाव."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

ती मग पदर तोंडाला लावून आत गेली आणि साखरेची वाटी भरून आणली. "जा," म्हणाली, "गल्लीत वाटून ये. समद्यांना सांग."

पन्नाशीला आलेला मी वाटी घेऊन दारोदार निघालो. पहिलं दार पोस्टमनकाकांचं. तिथं माझी जीभ इतकी अडखळली की काकांना वाटलं कुणी गेलं. त्यांनी चिमूटभर साखर तळहातावर घेऊन आधी माझं तोंड न्याहाळलं. दुसऱ्या दारात थोडं बरं जमलं. लोक साखर तोंडात टाकत होते, विचारत होते, आता कुठं असतात, पगार बरा असेल, आणि मी होकारार्थी मान हलवत होतो. ओट्यावरून अव्वा बघत होती, माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचतंय की नाही म्हणून कान देऊन. शेवटच्या घराशी येईपर्यंत मला ते वाक्य मोठ्यानं, एका दमात, न अडखळता म्हणता येऊ लागलं होतं.